एकतीस कलमांचे स्वयंपाकघर

दि. ४ फेब्रुवारी

आदरणीय विहीणबाई यांस,

नमस्कार. आपले पत्र आणि त्यासोबतचे खेळण्यांच्या दुकानाचे रंगीत पान गेल्या आठवड्यात पोचले. आपली प्रकृती उत्तम असावी. अक्षरावरून तरी तसे दिसते. माझीही ठीक आहे. गुडघ्याची तक्रार आहे, पण ती इतकी जुनी झाली आहे की तिला आता बातमी म्हणता येत नाही. भुंगी मजेत आहे. तिचे गुणगुणणे वाढले आहे. हे नाव आपण ठेवलेत आणि ते दिवसेंदिवस अधिक सार्थ होत आहे.

गेल्या वर्षी तिच्या पाचव्या वाढदिवशी आपण सर्वांदेखत म्हणालात की काही आज्यांना नातीपेक्षा पुस्तकं लाडकी असतात. त्यावर मी केक वितळेपर्यंत उत्तर दिले. तेव्हापासून अकरा महिने आपल्यात अबोला आहे. तो आधी आपण मोडलात, हे प्रांजळपणे मान्य करते. मी फोन न करता पत्र का लिहिते असे आपण विचाराल. फोनवर आपण मला वाक्य पुरे करू देत नाही.

आता मुद्द्याकडे येते. सहाव्या वाढदिवसाला दोघींनी मिळून भुंगीला एक चालणारे छोटे स्वयंपाकघर द्यावे, ही आपली सूचना मला मान्य आहे. ते विकत घ्यावे की बांधून घ्यावे, एवढाच वाद उरतो. आपण तीस वर्षे इस्पितळाच्या कँटीनमध्ये रोज चारशे माणसांना जेवू घातलेत. मी चौतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. तेव्हा स्वयंपाकघर या विषयात अधिकार आपला आणि ‘चालणारे’ या शब्दाच्या व्याख्येत माझा, असे धरून चालू.

मत बनवण्यापूर्वी वस्तू पाहावी म्हणून रविवारी सकाळी भुंगीला घेऊन मी त्या दुकानात गेले. विक्रेती मुलगी मोठी चुणचुणीत होती.

“आजी, हे बटण दाबलं की उकळतं बघा.”

“काय उकळतं?”

“पाणी.”

“पाणी कुठे आहे?”

“पाणी नाहीये. नुसता आवाज येतो.”

“म्हणजे आवाज उकळतो.”

तिने बटण बंद केले. “आजी, तुम्ही टीचर होता का हो?”

तेवढ्यात भुंगीने शेगडीच्या लाल दिव्यावर अख्खा पंजा ठेवला. “हे तर गार आहे. बटाटा शिजणार कधी?”

“शिजलेलाच आहे की!” असे म्हणून विक्रेतीने तिच्या हातात प्लास्टिकचा बटाटा दिला. भुंगीने तो चावून पाहिला आणि शांतपणे परत केला. गुणगुणणे थांबले नाही, पण सूर उतरला.

माझा आक्षेप असा आहे. ज्यात काहीही शिजत नाही त्याला जर चालणारे स्वयंपाकघर म्हणायचे, तर रेडिओवरच्या पावसाने छत्री भिजते असेही म्हणावे लागेल. चालणारे म्हणजे ज्यात नळ सोडला की पाणी येते, शेगडी लावली की ऊब येते आणि आत घातलेला पदार्थ बाहेर येताना निराळा होऊन येतो ते. असे दुकानात मिळत नाही. म्हणून ते बांधून घ्यावे.

आपण लिहिता, “विकतचं मोडलं तर दुकानदाराला बोलता येतं. बांधलेलं मोडलं तर तुम्हाला बोलावं लागेल.” हा आक्षेप बळकट आहे. मात्र मला बोलण्याच्या बाबतीत आपण आजवर कधी मागे राहिला नाहीत, त्यामुळे त्यात नवीन गैरसोय दिसत नाही.

स्वयंपाकघर माझ्या अभ्यासिकेत ठेवावे असे सुचवते. मुलीच्या घरात जागा नाही. माझ्याकडे एक कपाट हलवले की भिंत मोकळी होते.

दुसरी बातमी. भुंगीच्या पाळणाघराच्या बाई मार्चअखेर गाव सोडून जात आहेत. नवीन पाळणाघर लांब आहे आणि आपल्या सुनेची प्रयोगशाळेतील पाळी संध्याकाळी सहाला सुटते. एप्रिलपासून भुंगीला वर्षभर आपल्याकडे नेण्याची तयारी आपण दाखवल्याचे जावईबापूंकडून कळले. तेथील शाळाही चांगली आहे म्हणतात. तत्त्वतः माझी हरकत असण्याचे कारण नाही. वरील प्रश्नाशी या बातमीचा संबंध नाही. केवळ कळवावे म्हणून लिहिले.

वाढदिवस नऊ मार्चला आहे. तेव्हा विचारपूर्वक, पण लवकर उत्तर द्यावे.

आपली विहीण


दि. १९ फेब्रुवारी

आदरणीय विहीणबाई यांस,

नमस्कार. “बरं बांधा. पण काय बांधताय ते आधी मला दाखवा” हे आपले दोन ओळींचे संमतिपत्र मिळाले. त्याप्रमाणे सुतारासाठी केलेल्या लेखी सूचनांची प्रत मी पाठवली होती, आणि त्या वाचून आपण धाडलेले उत्तर आज आले. त्याकडे मी येणारच आहे. पण गोष्ट क्रमाने सांगू द्या, कारण अभ्यासिकेची फरशी अजून दमट आहे.

सुतार पन्नाशीचा, कामात स्वच्छ आणि बोलण्यात अखंड. आयुष्यभर दुकानांचे गल्ले आणि फडताळे केली. माझे कागद हाती घेतल्यावर तो म्हणाला, “मॅडम, हे काय? कोर्टाचं समन्स?”

“सूचना आहेत. एकतीस कलमे. नीट वाचा.”

तो ते मोठ्याने वाचू लागला. “कलम सात. शेगडीपासून चार हातांच्या आत कापड, कागद अथवा पडदा नसावा. कलम आठ. पडदा मागे बांधलेला असला तरी तो पडदाच समजावा. कलम नऊ. अभ्यासिकेच्या खिडकीला पडदा लावूच नये.” मग वर पाहिले. “मॅडम, खिडकीला पडदा नाहीच आहे.”

“पुढे कोणी लावू नये म्हणून लिहिले आहे.”

“तुम्ही बोलत राहा मॅडम, मी तोवर एक फळी कापून घेतो.”

काम त्याने सुरेख केले. कोपरे घासून गोल केले, खाली दोन खण, वरती पाच लिटरची पाण्याची टाकी, तिला पितळी नळ आणि नळाखाली ओट्यात बसवलेले धुण्याचे भांडे. ओटा भुंगीच्या कोपरापेक्षा जरा खाली येतो. समोर दोन स्टुले आहेत, एक तिच्यासाठी आणि एक गुडघा न दुखता बसता येईल असे. शेगडीची वीजजोडणी त्याचा मेहुणा करणार आहे. तो वायरमन आहे. ही शेगडी मंद तापते आणि सात मिनिटांनी आपली आपण बंद होते, कोणी विसरले तरी.

परवा रविवारी नळाची चाचणी ठरली. भुंगीने अॅप्रन बांधला, नळ सोडला, आणि आम्ही तिघेही कौतुकाने पाहत राहिलो. भांडे भरले. मग ओटा भरला. मग माझी चप्पल भरली.

“आजी, पाणी जातं कुठे?” भुंगीने विचारले.

“खालून जातं की बाळा,” म्हणत सुतार वाकला, आणि वाकलेलाच राहिला. खाली नळी नव्हती. भांड्याला भोकच नव्हते.

“भोक का पाडले नाही?” मी विचारले.

त्याने खिशातून माझे कागद काढले. ते त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. “कलम एकतीस. वर लिहिलेले सोडून कारागिराने स्वतःच्या मनाने काहीही करू नये. मॅडम, मला चार वेळा वाटलं भोक पाडावं. म्हटलं, नको, मॅडमनी विचार केला असेल.”

चौतीस वर्षांत अनेक विद्यार्थ्यांनी माझ्या मांडणीतील उणिवा दाखवल्या, पण त्यांतल्या एकाही उणिवेने माझे पाय भिजवले नव्हते. भुंगी इतकी हसली की तिला उचकी लागली. मग आम्ही तिघांनी फरशी पुसली. सुतार फडके पिळत म्हणाला, “बघावं तिकडे आगच लिहिलीय. पाण्याचा एक शब्द नाही. तुमचं आगीशी काही वाकडं आहे का?” मी त्याला भोकाची जागा दाखवली.

आता आपले उत्तर. आपण लिहिता, “मी मोजली. एकतीसातली अठरा कलमं आगीची, आणि त्यातली पाच नुसत्या पडद्याची. मी तीस वर्षं भट्ट्यांसमोर काढली, माझ्याकडे एवढे नियम नव्हते. आणि पोर तुमच्याकडे येते रविवारच्या रविवारी, मग स्वयंपाकघर तुमच्या घरी कशाला? काय ते सरळ लिहा.”

आपले मोजणे बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे. सावध मनुष्य सावधपणे लिहितो, याहून अधिक काही त्यातून सिद्ध होत नाही. जागेविषयीचे कारण मी मागेच दिले आहे.

भुंगीला पाठवण्याबाबत आपल्या सुनेने आपल्याला “वाढदिवस झाला की सांगते” असे कळवल्याचे समजले. ती मजपाशी या विषयावर बोललेली नाही. तिने माझ्याशी बोलावे असे कारण मी तिला दिलेलेही नाही. दोन वर्षांपूर्वी तिने भुंगीला दुपारी सांभाळाल का असे एकदा विचारले होते, तेव्हा मी थोड्याच दिवसांत नकार दिला, आणि ती एक प्रश्न दोनदा विचारत नाही. हा गुण तिने माझ्याकडून घेतला.

गुडघा ओलाव्यामुळे कुरकुरतो आहे. बाकी क्षेम.

आपली विहीण


दि. ३ मार्च

प्रिय विहीणबाई,

नमस्कार. तुम्ही बऱ्या असाल. या पत्रात प्रकृतीची विचारपूस एवढीच, कारण मला जे लिहायचे आहे ते उशीर केला तर लिहिले जाणार नाही.

काल सुताराने नळी बसवली आणि मेहुण्याने शेगडी जोडली. पाणी जिथे जायला हवे तिथे गेले. शेगडीचे बटण दाबले, तबकडी हळूहळू तापू लागली, आणि माझ्या नकळत मी दोन पावले मागे सरले. पाठ कपाटाला लागली तेव्हा मला कळले.

सुतार म्हणाला, “मॅडम, घाबरता काय? यावर धड पापडसुद्धा भाजायचा नाही.”

“आजीला भीती वाटते,” भुंगी त्याला समजावत म्हणाली, अगदी मी वर्गात समजावत असे तशी. “पडदा जळला होता ना, तेव्हापासून.”

मी म्हटले, “कोणता पडदा?”

“पिवळा. काळा धूर आला होता आणि तू बादली ओतलीस.” मग माझ्याकडे पाहून ती म्हणाली, “मी कुणालाच नाही सांगितलं हं. आईलापण नाही. तू नाही सांगितलंस ना, म्हणून.”

सुताराला तेवढ्यात आठवले की चार स्क्रू कमी आहेत. ते आणायला तो मेहुण्यालाही सोबत घेऊन गेला. जाताना दार अलगद ओढून घेतले. त्या माणसाबद्दल मी मागे जे काही लिहिले असेल त्यातला उपरोध वगळून वाचावे.

आता सरळ लिहिते.

तुम्हाला ठाऊक आहे की आमच्या घरी स्वयंपाक भुंगीचे आजोबा करीत. तो त्यांचा आनंद होता, आणि मी त्यांच्या आनंदात कधी ढवळाढवळ केली नाही. म्हणजे मी काहीच शिकले नाही. ते गेल्यावर दोन महिन्यांनी मुलगी कामावर रुजू झाली आणि दुपारी भुंगीला माझ्याकडे ठेवू लागली. तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती. नवव्या दिवशी ती झोपली असताना मी तिच्यासाठी दूध तापत ठेवले आणि एक प्रबंध तपासायला बसले. प्रबंध चांगला होता. वास आला तोवर दूध जळून गेले होते, भांड्याची मूठ वितळत होती आणि खिडकीच्या पडद्याने पेट घेतला होता. मी बादली ओतली. आग विझली. वळून पाहिले तर भुंगी दारात उभी होती. रडत नव्हती. गुणगुणतही नव्हती.

तिला काही झाले नाही. मलाही झाले नाही. मी भिंत पुसली, दुसरे पडदे लावले, आणि मुलीला सांगितले की जुने विटले होते. दुसऱ्या दिवशी तिला समोर बसवून म्हटले की दुपार ही माझी लेखनाची वेळ आहे, लेखन अर्धवट सोडणे मला शक्य नाही, तस्मात भुंगीसाठी पाळणाघर पाहावे. विधाने रचून मांडली होती. त्या मांडणीत एकही दोष नव्हता. फक्त ती खोटी होती. मुलगी “बरं” म्हणाली आणि उठली. लहानपणापासून मी तिला हेच शिकवले होते, की मुद्दा सुटत नसेल तर मान्य करावा.

गेली दोन वर्षे मी एक ओळही लिहिलेली नाही. माझे जेवण समोरच्या खानावळीतून येते. माझ्या घरातला गॅस मी तेव्हापासून पेटवलेला नाही.

वाढदिवशी तुम्ही जे बोललात ते मला लागले, कारण त्याचे खरे उत्तर माझ्याकडे होते आणि ते देता येत नव्हते. म्हणून दुसरेच दिले, पाऊण तास.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. स्वयंपाकघर माझ्या घरी आहे, कारण मला ते हवे आहे. सात मिनिटांनी आपोआप विझणारी शेगडी मी भुंगीसाठी नव्हे, माझ्यासाठी करून घेतली. दूध तापवणे, अंडे उकडणे, एवढे जरी मला न घाबरता येऊ लागले तर मी मुलीला म्हणू शकेन की भुंगीला माझ्याकडे ठेव. रोज, दुपारी. ती मला हवी आहे. हे वाक्य मी आजवर कोणापुढे उच्चारलेले नाही आणि कागदावरही पहिल्यांदाच लिहिते आहे. अक्षर वाकडे झाले आहे, पण पुन्हा लिहीत नाही.

सर्वांत वाईट मला काय वाटले, तेही सांगते. आग नव्हे. सहा वर्षांचेही नसलेले मूल माझे गुपित दोन वर्षे सांभाळत बसले, कारण आजीने सांगितले नाही म्हणजे सांगायचे नसणार, असा त्याने तर्क केला. आपल्या घरात तर्क करणारी आणखी एक नको होती.

भुंगीला तुमच्याकडे न्यायचे तुमच्या मनात आहे. त्यासाठी या पत्राहून चांगला पुरावा तुम्हाला मिळणार नाही. ते तुमच्या हातात देते आहे. तुम्ही ते सुनेला दाखवलेत तर मी तक्रार करणार नाही.

तुमची विहीण


दि. १४ मार्च

प्रिय विहीणबाई,

नमस्कार. खोकला कमी झाला का? फोनवर तुम्ही फार खोकत होतात. काढा वगैरे मी सांगावा असा माझा अधिकार नाही, पण गरम पाणी प्यावे. ते आता मला करता येते.

तुमचा फोन आला तेव्हा मी उत्तराची तयारी करून बसले होते आणि तुम्ही म्हणालात, “अहो, एवढंच? मला वाटलं पोरीला कुठं विसरून आलात.” मग तुमच्या कँटीनमध्ये चार वेळा आग लागली ते सांगितलेत, आणि त्यातल्या एका वेळी तुम्ही स्वतः कढई तशीच ठेवून टेबलाखाली बसला होतात हेही. मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसताना माझे मलाच ऐकू आले. शेवटी म्हणालात, “मी सुनेला काही सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही सांगा. भुंगीला नेणार नाही असंही म्हणत नाही हं. आधी लेकीशी बोला.” त्या संभाषणात मी एकही वाक्य पुरे केले नाही आणि मला त्याची गरजही भासली नाही.

सात तारखेला सकाळी मुलीकडे गेले. ती इस्त्री करीत होती. मी सगळे सांगितले. मुद्देसूद सांगायचे ठरवले होते, झाले नाही. दूध आधी, मग पडदा, मग पुन्हा दूध, असे झाले. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

“आग लागली म्हणून मी चिडत नाहीये,” ती म्हणाली. “आग कुणाच्याही घरी लागेल. तू मला मुद्दा मांडलास, आई. मला! समोर बसवून! दोन वर्षं मी घरी सांगत आले की आई कामात असते, तिला भुंगीचं खूप आहे, फक्त दाखवता येत नाही. आणि सांगताना मला स्वतःला ते खरं वाटत नव्हतं.”

  जावईबापू दारात आले, दोघींचे चेहरे पाहिले आणि चहा ठेवतो म्हणून परत गेले. तो चहा आम्ही प्यायलो. मग ती म्हणाली, “माझी ड्यूटी आहे, निघते.” आणि गेली. इस्त्रीचे उरलेले कपडे मी केले. तेवढे मला येते.

वाढदिवस ठरल्याप्रमाणे झाला. तुम्ही खोकल्यामुळे येऊ शकला नाहीत, याची चुटपुट सर्वांना लागली; सुताराने तर दोनदा विचारले की नियम मोजणाऱ्या बाई कुठे आहेत. स्वयंपाकघर पाहून भुंगीच्या मैत्रिणींनी रांग लावली. अंडी उकडायची असे ठरले. सात मिनिटांनी शेगडी बंद झाली आणि अंडी कच्चीच होती, म्हणून पुन्हा सात, मग पुन्हा सात. दर वेळी शेगडी विझली की सगळ्या मुली ओरडत आणि भुंगी त्यांना गप्प करून बटण दाबी. मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले होते, तबकडीपासून एका हाताच्या अंतरावर. मुलगी दारातून पाहत होती. बराच वेळ पाहत होती.

काल ती एकटी आली. माझ्या खऱ्या स्वयंपाकघरात गेली, दोन्ही पडदे काढून घडी केले आणि टेबलावर ठेवले. मग तिथल्याच खुर्चीवर बसली.

“भुंगी मला विचारते, मी आजीकडे राहू का. सोमवार ते शुक्रवार, दुपारी. जूनपर्यंत बघू.”

मी हो म्हणाले. लगेच म्हणाले, असे ती सांगते.

“थांब, अट आहे. पहिले पंधरा दिवस सासूबाई तुझ्याबरोबर राहतील. इथे, या घरात. त्यांनी तुला गॅस पेटवायला शिकवायचं. त्या हो म्हणाल्या तर भुंगी तुझ्याकडे. नाही म्हणाल्या तर ती त्यांच्याकडे जाईल, शाळेचा अर्ज तयार आहे. मी मध्ये पडणार नाही. तुम्ही दोघी बोला.”

जावईबापूंना हे कळले तेव्हा ते म्हणाले, “दोघी? एका घरात? पंधरा दिवस? मी शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो.”

तर आता निर्णय तुमचा आहे. खरे तर दोघी आज्यांपैकी एकीने मागे सरायचे आहे, आणि ते तुम्हाला करावे लागणार आहे. मी रात्रभर नव्हे, पण सकाळभर नक्की विचार केला की तुम्हाला काय लिहावे. भुंगीच्या भल्यासाठी या, असे लिहिता येईना, कारण ती तुमच्याकडेही सुखात राहील, कदाचित माझ्याकडच्यापेक्षा चांगले जेवेल. मुलीसाठी या, असेही लिहिता येईना. तिने शाळेचा अर्ज भरून आपली सोय केली आहे.

म्हणून माझ्यासाठी या, एवढेच लिहिते.

आतल्या खोलीतल्या पलंगावर वीस वर्षे पुस्तकेच होती. ती आज मी खाली उतरवली आहेत आणि गादी उन्हात घातली आहे. उशी तुम्हाला उंच लागते की सपाट, ते कळवावे. तिकडून सकाळची गाडी घेतलीत तर दुपारपर्यंत पोचाल. उतरवून घ्यायला मी आणि भुंगी येऊ. तुम्ही मला रागावून शिकवलेत तरी चालेल. मी मध्ये बोलणार नाही, निदान गॅस पेटलेला असताना तरी नाही.

पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असे सगळेच लिहितात आणि मीही आयुष्यभर सवयीने लिहीत आले. आज मी तो मागते आहे.

वाट पाहणारी,
तुमची विहीण